निळ्या रेषेच्या मागे

फुजैरा,
२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. पर्णिका हिला सविताआईचे अनेक आशीर्वाद. मिहिकाला गोड पापा.

तुम्ही दोघी पुण्यात खुशाल असाल. इकडे थंडी यंदा नावालाच पडली, तरी सकाळी गॅलरीत बसायला शाल लागते. समोर समुद्रात तेल भरून घ्यायला आलेली जहाजं नांगर टाकून उभी असतात. तुझे सासरे चहा पिता पिता त्यांचे झेंडे ओळखत बसतात, आणि चुकले तरी मी काही बोलत नाही. एसीच्या डक्टचा धंदा पार्टनरच्या हवाली करून आल्यापासून त्यांना तेवढाच विरंगुळा आहे. दुबई सोडली ते बरंच झालं. इथे आवाज कमी, दिवे कमी. दर्शनला मानवतं.

अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घे. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. बाथरूममध्ये पाय घसरला. बोटं मोकळी आहेत, त्यामुळे थोडं थोडं करून लिहिता येतं. काळजीचं काही नाही.

तुझा मेसेज येऊन आठवडा होऊन गेला. मिहिकाला एप्रिलपासून इकडच्या शाळेत घालावं म्हणतेस, राजीनामा टाइप करून ठेवलाय म्हणतेस, आणि शेवटी विचारतेस, "आई, दर्शन आता बरा आहे ना?" मी कितीदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. फोन करावा तर या फ्लॅटच्या भिंती म्हणजे पुठ्ठा, आणि त्याचे कान इतके हळवे झालेत की स्वयंपाकघरात झाकण ठेवलं तरी तो आतून दचकतो. आपल्या वरच्या मजल्यावरचा दत्तप्रसाद, तो बंदरावर नोकरीला आहे ना, तो भाच्याच्या मुंजीला पुण्याला निघालाय. त्याच्या हाती हे पत्र देते.

आधी एक बातमी सांगते. डिसेंबरमध्ये दुबईतल्या ऊद मेथ्याला, बर्फाच्या त्या जुन्या रिंकवर, दर्शनचा सत्कार झाला. त्यानं शिकवलेली मुलं आता केवढाली झालीत. त्यांनी त्याच्या जुन्या नंबरची जर्सी करून आणली होती. तुला फोटो पाठवला होता तो त्याच दिवशीचा. फोटोत छान हसतोय. फोटोच्या आधी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी जिथे सगळ्यात जास्त खेळलो त्या गावात..." आणि थांबला. मला वाटलं, गळा दाटला. मग म्हणाला, "त्या गावात थंडी फार होती." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. परत येताना गाडीत तुझे सासरे हळूच म्हणाले, "सविता, त्याला गावाचं नाव आठवलं नाही." ज्या गावात तुमचा संसार मांडला गेला, मिहिका जन्मली, त्या गावाचं नाव.

लिहायला बसले की त्याचं लहानपणच पुढे येतं. तुला हे सगळं नीट कधी सांगितलेलंच नाही. मी तेव्हा तिथल्याच शाळेत तिसरीला शिकवायचे. शाळा सुटली की वह्या तपासून होईपर्यंत दर्शनला कुठे ठेवायचं हा प्रश्न. रिंक चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि तिच्या एसीचं काम तुझ्या सासऱ्यांकडे होतं. ते त्याला बरोबर घेऊन जायचे. बाहेर अंगाची लाही होतेय आणि आत बर्फ. आठ वर्षांचा पोरगा शाळेच्या युनिफॉर्मवर माझं लोकरीचं स्वेटर घालून कठड्याला धरून उभा राहायचा. एक दिवस कुणीतरी त्याला भाड्याचे स्केट्स बांधून दिले. त्यानंतर त्याला घरी आणायला मला जावं लागायचं. "यल्ला, चल आता," म्हणून मी कठड्यापाशी ओरडायची आणि तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

बिल्डिंगमधले लोक त्याच्या हातातली स्टिक बघून विचारायचे, "हॉकी का? छान. भारताकडून खेळणार मग." मी म्हणायची, हो. बर्फावरची हॉकी समजावून सांगायचा कंटाळा यायचा. मला तरी कुठे कळत होती? सगळी मुलं त्या काळ्या रबरी चकतीमागे धावायची, आणि हा मागेच उभा. मी एकदा रागावून म्हटलं, "तू का नाही जात पुढे? गोल कोण करणार?" त्यानं मला वहीच्या मागच्या पानावर रिंक काढून दाखवली. आडव्या दोन निळ्या रेषा. "आई, ही आपल्या बाजूची रेषा. तिच्या मागे माझी जागा. मी डिफेन्समन आहे. त्यांना आत येऊ द्यायचं नाही." मी विचारलं, "आणि कोणी आलाच तर?" म्हणाला, "मग मध्ये पडायचं."

सोळाव्या वर्षी कॅनडाला गेला. एका अनोळखी कुटुंबात राहिला, आणि पहिल्या हिवाळ्यात फोनवर रोज मला वरणाला फोडणी कशी द्यायची ते विचारायचा. मोठ्या लीगमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. उंची कमी पडली म्हणाले. मग अमेरिकेतल्या छोट्या शहरांतून बसनं हिंडत खेळला, मग युरोप. दुसरे खेळाडू फटके मारायचे, हा त्या फटक्यांसमोर गुडघ्यावर पडायचा. चकती लागून त्याच्या पोटऱ्या, बरगड्या कायम काळ्यानिळ्या. एकदा सुट्टीत घरी आला तेव्हा पाठीला तेल लावताना मी रडले, तर म्हणाला, "अगं, लागली म्हणजे मी बरोबर जागी होतो." त्याच्या नावावर गोल फारसे नाहीत. पण त्याच्या जोडीचा खेळाडू एकदा मला फोनवर म्हणाला होता की दर्शन मागे असला की आम्हाला मागे वळून बघावं लागत नाही. ते वाक्य मी माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. अभिमान होता गं मला. अजूनही आहे.

तो मोठा मार तू डोळ्यांनी बघितलास, तुझे दिवस भरत आले होते तेव्हा. मी फोनवर बघितला. त्याची पाठ होती, मागून तो मोठा खेळाडू आला आणि याचं डोकं रिंकभोवतीच्या काचेवर आपटलं. तू सांगितलंस, उठून स्वतःच्या नव्हे, समोरच्या टीमच्या बाकाकडे जायला लागला होता. क्लबच्या डॉक्टरनं नंतर विचारलं, आज वार कोणता? यानं बरोबर सांगितला. खलास, खेळायला मोकळा. त्याच्या आधीचे मार आपल्याला कुणाला माहीत नाहीत. ते त्यानं मोजलेही नाहीत. कोणी खेळाडू मोजत नाही म्हणतो.

पुढचं तू जगली आहेस. दुबईला परत आलात, तो मुलांना शिकवायला लागला, आणि घरात दिवसाढवळ्या पडदे ओढले जायला लागले. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडायच्या. मिहिकानं चमचा पाडला तरी तो ओरडायचा आणि मग तिच्यासमोर बसून माफी मागायचा. तू किती सोसलंस ते मी बघितलंय. आणि मग त्या संध्याकाळी तो तुला म्हणाला, "मला ही मुलगी कधीच नको होती. तुम्ही दोघी गेलात तर मला सुख लागेल." मी कणीक मळत होते. तू उठून मिहिकाचे कपडे भरायला घेतलेस. माझ्या पोटचा पोरगा असं बोलू शकतो हे मला आजवर पटलं नव्हतं. आणि तरी तू परत यायला तयार झालीस. तुझ्याएवढं मन माझं नाही.

इथपर्यंत लिहून काल थांबले होते. आज पुढचं लिहिते.

शुक्रवारी सकाळी दर्शन आणि मी किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो. ऊन चढायच्या आत तो काळा चष्मा लावून तासभर चालतो. तुझा मेसेज मी त्याला दाखवला होता.

"आई, पर्णिकाला काय उत्तर दिलंस?"

"अजून नाही दिलं."

"लिही की येऊ नकोस."

मी म्हटलं, "का रे? रविवारी पोरीशी फोनवर इतकं छान बोलतोस. तिला वाटलं, तू सुधारतोयस."

"तेच चुकलं माझं. माझी चांगली वेळ बघून तू फोन लावून देतेस आणि तिला वाटतं मी दिवसभर असाच असतो." मग पाण्याच्या कडेला बसला. मीही बसले. म्हणाला, "आई, त्या दिवशी टायर पंक्चर झाला नव्हता."

तुला आठवत असेल. गेल्या वर्षीचा मार्च. शनिवारी सकाळी तो मिहिकाला घेऊन रिंकवर गेला होता आणि दोघं पार दुपार कलल्यावर परत आली. टायर गेला, फोनची बॅटरी संपली, असं सांगितलं होतं. आता तो जसं बोलला तसंच लिहिते, कारण हे तुला कळायला हवं.

"रिंकवरून निघालो ते आठवतंय. त्यानंतर एकदम मी हायवेवर होतो. मी गाडी चालवतोय, एवढंच माहीत होतं. बाजूला सिमेंट फॅक्टरीची धुराडी दिसत होती. तासभर लांब, रास अल खैमापर्यंत गेलो होतो. मिररमध्ये बघितलं तर मागच्या सीटवर एक छोटी मुलगी. आय डिडन्ट नो हर, आई. मला वाटलं, मी कुणाची तरी मुलगी उचलून आणलीय. इतका घाबरलो. गाडी कडेला घेतली, उतरलो आणि चालायला लागलो."

"तिला गाडीत सोडून?"

"हो. आणि तीही दार उघडून माझ्या मागे पळत आली. बाजूनं ट्रक जात होते."

पुढचं तो थांबत थांबत सांगत गेला.

जवळ पेट्रोल पंप होता. तिथल्या दुकानात काम करणारी सुमैय्या नावाची बाई धावत आली आणि तिनं मिहिकाला उचललं. दर्शनला हाक मारून थांबवलं. विचारलं, "भाईसाब, ये बच्ची आपकी है?" हा म्हणाला, "नहीं." मिहिका तिच्या कडेवरून म्हणाली, "ही इज माय पप्पा. ही फर्गेट्स."

सुमैय्यानं दोघांना दुकानात बसवलं. मिहिकाला ज्यूस दिला, याला पाणी दिलं, आणि साफ सांगितलं की मुलीचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय ती मुलगी देणार नाही. "बरोबर केलं तिनं," दर्शन म्हणाला. हळूहळू त्याला सगळं परत आठवलं. नाव सांगितलं, तुझं नाव सांगितलं, पत्ता सांगितला. सुमैय्यानं तिच्या भावाला बोलावलं आणि त्यानं यांना दर्शनच्याच गाडीतून दुबईपर्यंत आणून सोडलं. घराजवळ आल्यावर मिहिकानं याचा हात धरला आणि म्हणाली, "वी वोन्ट टेल मम्मा, ओके? शी विल क्राय."

"चार वर्षांची होती ती," दर्शन म्हणाला, "आणि ती मला सांभाळत होती. मी तिचा बाप. मी तिच्यासाठी मध्ये पडायचं की तिनं माझ्यासाठी?"

त्यानंतर तो एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला होता. जुन्या मारांमुळे मेंदूत हे असे झटके येतात म्हणाले. गोळ्यांनी ते कमी वेळा येतील, पण थांबतील असं कुणी सांगू शकत नाही. राग, विसर हेही वाढत जाईल. दर्शननं तेव्हाच ठरवलं. "खरं सांगितलं असतं तर पर्णिका गेली असती का, आई? ती राहिली असती. तिला जायला लावेल असं एकच वाक्य होतं. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून ते पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केलं. ऐन वेळी विसरलो असतो तर?"

मी त्याला म्हटलं, "अरे, पण तिच्या मनात ते कायमचं राहिलं."

"राहू दे. दोघी सुखरूप आहेत."

मग मला म्हणाला, "तू एवढंच लिही की मी अजून तयार नाही. बाकी काही सांगू नकोस." मी मान डोलावली. पण मी ते करणार नाही. मुलाचा शब्द मोडतेय. खोटं सांगून त्यानं तुला एकदा घालवलं, आता दुसरं खोटं मी सांगितलं तर तू आशेवर बसून राहशील. तुझं वय काय, तुझे दिवस काय. तुला खरं ठाऊक असायला हवं.

आणि आता माझं खरं. मी बाथरूममध्ये घसरले नव्हते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या खोलीत चहा आणि तिळाची वडी घेऊन गेले. तो खिडकीपाशी उभा होता. वळला आणि माझ्याकडे असं बघितलं जसं दारात कुणी परकं शिरलंय. "हू लेट यू इन?" म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मी आई," आणि त्याच्या गालाला हात लावायला गेले. त्यानं माझं मनगट धरून पिरगाळलं आणि कोपरानं मला भिंतीला दाबून धरलं. राग नव्हता गं त्याच्या तोंडावर. समोरच्याला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या अंगाला ठाऊक होतं. तुझ्या सासऱ्यांनी हाक मारली, तेव्हा सुटलं. थोड्या वेळानं तो भानावर आला, माझा हात बघून खाली बसला आणि विचारायला लागला, "आई, कशानं लागलं हे?" मी म्हटलं, बाथरूममध्ये घसरले. तोच मला दवाखान्यात घेऊन गेला. माझी पर्स खांद्याला लावून, मला दुसऱ्या हाताला धरून. नर्सला सांगत होता, "प्लीज बी जेंटल विथ हर." त्याला आजही घसरले असंच माहीत आहे, आणि तसंच राहू दे. रविवारी फोनवर चुकूनही विचारू नकोस.

आम्ही दोघं त्याला सांभाळतो आहोत. त्याचा बाप त्याच्या उशाशी बसून त्याला जहाजांची नावं सांगतो, तो ऐकतो. चांगल्या तासाला तो माझ्याबरोबर भाजी निवडतो, मिहिकाच्या गोष्टी विचारतो. आमच्यात ताकद आहे तोवर हे चालेल. पुढचं त्या वरच्याला माहीत. इथे शेजारी इन्शाल्ला म्हणतात, मीही म्हणते.

तुझा मेसेज आला तेव्हा माझं पहिलं उत्तर काय होतं, सांगू? "ये, लवकर ये." एवढंच टाइप केलं होतं. मनगट ठणकत होतं, आणि मला वाटलं की घरात तू असलीस, पोर असली, की मला धीर येईल. मग मिहिका त्या खोलीचं दार ढकलून आत जातेय असं डोळ्यांपुढे आलं आणि मी ते पुसलं.

तेव्हा राजीनामा देऊ नकोस. मिहिकाला तिथल्याच शाळेत राहू दे. तिला तिथे मैत्रिणी झाल्यात, त्या असू देत. तुम्हाला भेटावंसं वाटलं तर आम्हा दोघांपैकी एक जण पुण्याला येऊन जाईल, दुसरा त्याच्यापाशी थांबेल. दर्शन असंही म्हणाला की तू मोकळी हो, पुन्हा लग्न कर. हे त्याचं बोलणं मी पोचवलं. माझ्या तोंडून ते निघत नाही, पण उद्या तू तसं केलंस तर या घरात तुझ्याबद्दल वावगा शब्द निघणार नाही, हे माझं वचन.

मिहिका मोठी झाली की तिला सांग. तिचा बाप त्या पंपावर "माझी नाही" म्हणाला, कारण त्यानं तिला ओळखलं नव्हतं. आणि घरी "मला नको" म्हणाला, तेव्हा तिला पुरतं ओळखून म्हणाला होता. एवढं तिला कळलं की बस.

पत्र वाचून झाल्यावर मला फोन करू नकोस, पर्णिका. निदान काही दिवस तरी नको. तुझा आवाज ऐकला तर मी "ये" म्हणेन, आणि तू येशील.

तुझीच,
सविताआई